लय: पंचवीसपैकी नऊ

नोव्हेंबर लागला की तबल्याच्या परीक्षा येतात आणि त्यांच्याबरोबर माझी चिडचिड. हवा कोरडी होते, चामडं आवळतं, काल संध्याकाळी नीट लावून ठेवलेला तबला सकाळी सूर सोडून वर चढून बसलेला असतो. हातोडी घेऊन त्याला खाली आणावं, तोवर पालकांचे फोन सुरू. "मॅडम, आमच्या ओजसला प्रवेशिका झेपेल ना हो?" ते ओजसने वर्षभर हात तबल्यावर ठेवले की मोबाइलवर, यावर अवलंबून आहे. असं तोंडावर बोलायचं नसतं. मी बोलते. कोथरूडमध्ये इतकी वर्षं क्लास चालवायचा तर थोडं तुटक वागावंच लागतं, नाहीतर लोक शिकायला येतात आणि गप्पा मारून जातात.

पंचवीस वर्षं मी परीक्षक आहे. कुठल्या कुठल्या गावांतल्या शाळांमध्ये जाते. बाकं बाजूला सारून सतरंजी घातलेली असते, शेजारी पेटीवाले, समोर हातपाय गार पडलेलं एखादं पोर, आणि माझ्या मांडीवर छापील गुणपत्रक. हात, बोल, तयारी, लय असे रकाने. आधी पेन्सिलीने, मग पेनने. बाई कडक आहेत पण खऱ्या आहेत, असं माझ्याबद्दल बोलतात. मलाही या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत तसंच वाटत होतं.

या नोव्हेंबरात धाकट्या भावाचा, नंदूचा, निरोप आला. त्याच्या रॉक बँडला तीस वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम आहे आणि स्मरणिका निघते आहे. "ताई, तुझा अभिप्राय पाहिजे. संगीताच्या अंगाने, पाचशे शब्द. आणि प्लीज, टोमणे नकोत." रॉक बँडची स्मरणिका निघणारं जगात दुसरं शहर नसेल. जुन्या सदस्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही ठेवलाय. शाल पांघरूनच ड्रम वाजवायचे का, असं मी विचारलं, त्याला अजून उत्तर आलेलं नाही.

बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. ते इंग्रजी आहे, आणि तिघांना अर्थ विचारला तर तिघं तीन अर्थ सांगतात. नंदू ड्रम वाजवतो, पराग गिटार, समीर गातो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू केलं आणि आता पन्नाशी ओलांडली तरी सोडलेलं नाही. चिकाटीला मार्क असते तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

पण वाजवण्याचं काय? परागला गिटार लावायला वीस मिनिटं लागतात आणि पहिल्या गाण्यात ती उतरते. त्याचा एकट्याचा तुकडा सुरू झाला की मटार सोलून होतात. एकदा सरावाला बसले असताना मी खरंच अर्धा किलो सोलले होते. समीरचा गळा मुळात गोड. पण इंग्रजी गाताना सदाशिव पेठेत वाढलेला हा मुलगा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखे शब्द उच्चारतो आणि मराठी गाताना त्याच्यावर कुणीतरी अन्याय केल्यासारखा ओरडतो. नंदूचं एकच म्हणणं, जोरात. या सगळ्याबद्दल मी तीस वर्षं बोलत आले आणि ते तीस वर्षं मान डोलवत आले. एखादी चूक तिघांनी मिळून तीस वर्षं केली की तिला शैली म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

एका गोष्टीवर मात्र मी कधी बोट ठेवलं नव्हतं, ती म्हणजे लय. नंदूची लय माझ्याकडची. चौथीपासून आठवीपर्यंत तो माझ्यापुढे तबल्याला बसला, क्लासच्या याच सतरंजीवर. यांची गाणी ऐकून दम लागतो असं कुणी म्हणालं की मी म्हणायची, याला तयारी म्हणतात.

एक थंडी मला या हंगामात दरवर्षी आठवते. नव्या शतकाच्या पहिल्या दिवशी जगातले सगळे संगणक बंद पडणार, अशी भीती होती ती थंडी. परीक्षक म्हणून माझं ते पहिलंच वर्ष. नंदू नुकताच पिंपरीतला कारखाना सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेला होता आणि कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या कागदपत्रांतली दोन आकड्यांची सालं चार आकड्यांची करत होता. एवढ्यासाठी विमानाची तिकिटं मिळतात याचं आईला फार नवल वाटे. हिंजवडीत तेव्हा भाताची कापलेली खाचरं होती आणि मधूनच एखादी काचेची इमारत, रस्ता चुकून तिथे आल्यासारखी. ज्याला त्याला घाई झाली होती. लोक जेवताना पण घड्याळ बघायला लागले होते. मला तेव्हा ते प्रगतीचं लक्षण वाटलं.

सराव रविवारी सकाळी, कात्रजच्या डेअरीच्या पुढे, परागच्या काकांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. पत्र्यावरचं दव वितळून टपटप खाली पडायचं. लोखंड कापल्याचा वास, त्यात डेअरीकडून येणारा तापल्या दुधाचा वास, आणि दारात हातगाडीवरचे पेरू, तिखटमीठ लावलेले. लोखंडी खुर्ची इतकी गार की शाल चौपदरी घडी करून बसायला लागायची. पहिला ठोका पडला की कावळे उडत, मग त्यांनाही सवय झाली.

बँडमध्ये तेव्हा चौथा होता, सुगत वानखडे. तो बेस वाजवायचा, म्हणजे ती जाड तारांची, खालच्या सुरातली गिटार, जी लोकांना ऐकू येत नाही पण बंद पडली की काहीतरी गेलं असं वाटतं. सुगत अकोल्याचा. शिकायला पुण्यात आला, होस्टेलवर राहिला. बाकीचे तिघं सॉफ्टवेअरला गेले, हा चिंचवडच्या कारखान्यात राहिला, आणि शिफ्ट संपवून तसाच मोपेडवर कात्रजला यायचा. वाजवण्याआधी बूट काढून भिंतीशी नीट ठेवायचा. वाजवताना त्याच्या उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलायचा, बाकी माणूस देवळातल्या समईसारखा स्थिर. तो फारसा बोलत नसे. मला ताई म्हणायचा.

त्या डिसेंबरात त्यांना स्टुडिओत दोन दिवस मिळाले होते, कॅसेट काढायची होती. तालमीचं रेकॉर्डिंग करून ऐकलं तर गाणं कुठेतरी ओढल्यासारखं वाटत होतं, पुढे जाता जाता कुणी मागून सदरा धरावा तसं. नंदू आणि परागचं मत पडलं की सुगत मागे राहतो. पण त्याच्या तोंडावर म्हणणार कोण? मित्र होता, चांगला होता, नोकरीच्या वेळा सांभाळून येत होता. तेव्हा नंदूला युक्ती सुचली. "ताईला बोलावू. ती परीक्षक आहे, ती भाऊ-बिऊ बघत नाही." हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. मी कोरं गुणपत्रक घेऊन गेले.

आता काय केलं ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. आमच्यात ठेका धरणारा म्हणजेच लय. तबलजी जिथे समेवर येतो तिथे सम. गवई चुकेल, पेटीवाला चुकेल, पण ठेका चुकला असं कुणी म्हणत नाही. मग मोजायचं कशावर? मी डोळे मिटले, नंदूचा ठोका धरला, त्यांचे चार-चार ठोके माझ्या सोळा मात्रांत बसवले आणि मांडीवर टाळी देत बाकीच्यांना तोलायला लागले. पराग समेवर येत होता. समीर येत होता. सुगत येत नव्हता. नंदू लांबलचक तुकडा वाजवून धाडकन समेवर उतरायचा आणि सुगतचा सूर केसभर उशिरा पडायचा. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मी डोळे उघडून बघितलं तर त्याचा अंगठा शांतपणे हलत होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्याला आपण चुकतोय हेही कळत नाही.

निकाल सर्वांसमोर वाचायचा, हा माझा बाणा. चहाचे ग्लास हातात आले तेव्हा वाचला. "ड्रम: हात स्वच्छ नाही, आवाज गरजेपेक्षा जास्त, लय उत्तम. लय, पंचवीसपैकी एकवीस. बेस: सूर स्वच्छ, हात चांगला, लय कच्ची, मागे पडतो. लय, पंचवीसपैकी नऊ."

सुगतने ग्लास खाली ठेवला. "मागे म्हणजे कोणाच्या मागे, ताई?"

"लयीच्या. आणखी कोणाच्या?"

बाकीचे हसले. मीही हसले असेन. त्याने चहा संपवला, रोजच्यासारखी वायर हातावर गोल गोल गुंडाळली, बूट घातले, सगळ्यांना येतो म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणालाच काही बोलावं लागलं नाही आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मला तर आपण एक अवघड काम सरळपणे केलं याचा अभिमान वाटला. आज ते आठवून अंगाची आग होते.

संगणक बंद पडले नाहीत. कॅसेट निघाली, ओळखीच्यांत वाटली. बेसवाले आले आणि गेले, आताचा आहे तो नंदूच्या बरोबरीने धावतो. हिंजवडीची खाचरं गेली. नंदू कंपनीच्या बसमध्ये रोज चार तास बसून असतो आणि तेवढ्या वेळात बोटांनी खिडकी वाजवतो असं त्याची बायको सांगते. बँड कंपन्यांच्या वार्षिक समारंभांत वाजवतो. सराव आता त्याच्या सोसायटीच्या सभागृहात, दाराबाहेर पाटी आहे, "वाद्ये फक्त ११ ते १२. घड्याळ आत लावलेले आहे." मीही बदलले. आता घरोघरी मुलं मोबाइलवर टिकटिक लावून रियाज करतात. मी आधी नाकं मुरडली, मग गुपचूप तेच ॲप घेतलं.

तर अभिप्राय लिहायचा म्हणून नंदूने त्या जुन्या तालमीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर पाठवलं. तेव्हाची माझी परीक्षा किती अचूक होती हे एका वाक्यात घालावं, असं माझ्या मनात आलं. पण हल्ली पुराव्याशिवाय लोक ऐकत नाहीत. म्हणून दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा घेऊन बसले, नंदूचं गाणं एका मोबाइलवर लावलं आणि दुसऱ्यावर टिकटिक. गाण्याच्या मध्यावर ड्रम थांबतात आणि आठ आवर्तनं सुगत एकटाच वाजवतो. ही तर फारच सोय झाली. टिकटिक त्याच्या लयीला लावली आणि तो कुठे मागे पडतो याची वाट बघत बसले.

पडला नाही. आठही आवर्तनं सूर आणि टिकटिक एकमेकांवर अशी बसली की टिकटिक ऐकू येईना. मग नंदू आत आला, एक दणदणीत तुकडा वाजवला, आणि टिकटिक मागे राहिली. सुगतचा सूर मात्र तिच्याच जागी पडला, केसभर उशिरा, म्हणजे बरोबर. दोन-तीन आवर्तनं त्याने तग धरलाय, ते स्पष्ट ऐकू येतं. मग नाइलाजाने तोही बाकीच्यांबरोबर ओढला गेलाय. पुन्हा तुकडा, पुन्हा तेच. सुरुवातीची लय आणि शेवटची लय लावून बघितली तर ती दोन वेगळी गाणी वाटली. त्या ओढल्यासारखं वाटण्याचा अर्थ असा होता की चौघांतला एकटा माणूस तिघांना धरून ठेवायची धडपड करत होता. आणि मी त्याला नऊ मार्क दिले होते.

माझ्या चहावर साय धरली. नंदूचा असा संताप आला की तो समोर असता तर हातोडीच फेकली असती. हात स्वच्छ नाही, आवाज जास्त, आणि वर घाई. कुणी शिकवलं याला? हे मी अगदी मोठ्याने म्हणाले आणि मग दुसरा मोबाइल पुन्हा जवळ ओढला.

शेवटी टिकटिक लावली, चार आवर्तनं तिच्याबरोबर टाळी दिली, मग आवाज बंद करून आणखी आठ आवर्तनं एकटीने मोजली आणि समेवर पुन्हा सुरू केला. मी पुढे होते. परत केलं, परत पुढे. तिसऱ्यांदा सावकाश, दात आवळून केलं, तरी पुढेच, आणि दर वेळी खालीनंतर, म्हणजे आवर्तनाच्या दुसऱ्या अर्ध्यात, जिथे नंदू पळतो अगदी तिथेच. आमच्यात लय चढतेच, असं एक कारण मी स्वतःला देऊन पाहिलं. पण चढवणं वेगळं, आपोआप चढली तर तिला पळणं म्हणतात, हे वाक्य मीच दर आठवड्याला मुलांवर ओरडते. माझा ठोका नंदूत होता, म्हणून मला तो अचूक वाटला. माझ्या घरात लय आहे हे मी गृहीत धरलं आणि सुगतच्या घरात काय आहे ते कधी विचारलं नाही. पंचवीस वर्षं मी महाराष्ट्रभर मुलांना लयीचे मार्क देत हिंडते आहे. त्यांतले किती सुगत होते कोण जाणे.

नंदूला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "हे तू आता सांगतेस? कार्यक्रम आठ दिवसांवर आलाय."

"आता कळलं."

"मला कधीकधी वाटायचं," तो म्हणाला, "की तोच बरोबर असावा. पण तू मला एकवीस दिलेस ना."

तो पुढे म्हणाला, "सत्काराला नाही म्हणालाय सुगत. तू बोलून बघ, तुझा मान ठेवेल." आमच्या घराण्यात कुठल्याही गोष्टीचा शेवट असा शालीवर होतो. नंबर मात्र मी घेतला.

दोन दिवस नंबर तसाच पडून होता. मी परीक्षांची पाकिटं लावत बसले, तबल्यांवर हातोडी चालवली, दोन पालकांना विनाकारण झापलं. माफी कशी मागायची हे मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला शिकवलं नाही. अभिप्रायाचा कागद कोरा होता. रविवारी सकाळी फोन लावला.

"बोला ताई," पहिल्याच वाक्याला तो म्हणाला. आवाज जड झालाय, पण बोलण्याची चाल तीच.

मी प्रस्तावना केली नाही. "सुगत, त्या वेळी कात्रजला मी चुकले. तू मागे नव्हतास. आम्ही सगळे पुढे पळत होतो, मीसुद्धा. तुझी लय पक्की होती. मी परवा मोजून बघितलं."

पलीकडे कुकरची शिटी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला.

"बरं," सुगत म्हणाला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. काहीतरी बोलेल, निदान चिडेल अशी माझी अपेक्षा होती. मग मीच बोलत सुटले, कार्यक्रमाचं, सत्काराचं, ये म्हणजे सगळ्यांसमोर सांगेन, स्मरणिकेतही लिहीन.

"ते शालीचं राहू द्या, ताई," तो म्हणाला. "माझे बाबा ढोलकी वाजवत. आमच्याकडं अकोल्याला चौदा एप्रिलला भीमगीतांचे कार्यक्रम राहतात, तिथं चाळीस वर्षं वाजवली त्यांनी. मी लहानपणापासून बाजूला बसायचो. तुम्ही ते मार्क दिले, त्यानंतर मी घरी गेलो, तेव्हा त्यांना आपल्या तालमीची कॅसेट ऐकवली. एकदाच ऐकली त्यांनी. म्हणाले, पोरा, तू बरोबर आहे. बाकीचे पळून राहिले. त्या बाई चुकल्या."

"मग?"

"मग मी म्हटलं, बाबा, त्या परीक्षक आहेत. तुम्हाला काय समजते त्यातलं."

तो पुढे सांगत होता, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं. "त्यानंतर मी घरी असलो की ते ढोलकी काढतच नव्हते. मी पुण्याला निघालो की काढत, असं आई सांगायची. मागच्या वर्षी गेले ते."

"सुगत," मी म्हणाले.

"तुम्ही फोन केला, बरं केलं. पण हा फोन त्यांना यायला पाहिजे होता, ताई."